कोल्हापूर ते माजोर्डा : नाताळातले गोठे, तारे आणि रात्रीची गाणी

नाताळात गोव्याला जायचं म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना बागा-कळंगूट, डीजे आणि ट्रॅफिक एवढंच आठवतंय. आम्ही गेलो ते दक्षिण गोव्यात, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली ह्या किनाऱ्याच्या पट्ट्यात, आणि ते पण मुद्दाम रस्त्यावरचे गोठे बघायला आणि कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, ऐकायला. गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. गोव्यात घरोघरी करतातच, पण वाड्यावाड्यातली (वाडा म्हणजे गावातली एकेक वस्ती) पोरं मिळून रस्त्याच्या कडेला, मैदानात, चॅपेलसमोर (छोट्या चर्चसमोर) मोठे उघड्यावरचे गोठे करतात. मी शाळेत चित्रकला शिकवते, नवरा शिरोली एमआयडीसीत आहे आणि गणपतीत आमच्या पेठेतल्या मंडळाच्या हलत्या देखाव्याची मोटर-गिअरची सगळी कामं त्याच्याकडं असतात, त्यामुळं आम्हा दोघांना ह्यात बघण्यासारखं भरपूर होतं. बरोबर सासूबाई आणि आठवीतला मुलगा.

२२ डिसेंबर, कोल्हापूर

प्रवास दुसऱ्या दिवशी पहाटेचा, पण नाताळ इथंच सुरू झाला असं म्हणायला पाहिजे. ही सगळी ट्रिप ठरली ती आमच्या ओळखीच्या एका काकूंमुळं. काकू रिटायर्ड नर्स, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या, राहतात न्यू शाहूपुरीत, वायल्डर मेमोरियल चर्चपासून जवळ. त्यांच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण माजोर्ड्याची, तिच्याच घरी आमची राहायची सोय केली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी बोलावलं, "आमच्याकडं आज कॅरलवाले येणारेत, ऐकून जावा, मग तिकडचं ऐका."

पेटी, ढोलकी, झांज आणि दहा-बारा बायका-पोरं. दारात उभं राहून गायला लागले आणि चाली सगळ्या आपल्या भजनाच्या. सासूबाई दर एकादशीला भजनाला बसणाऱ्या, दुसऱ्या कडव्यापासून टाळ्या धरून त्यांच्यात सामील. काकू सांगत होत्या की रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी चर्चमध्ये अभंग, भजन, कीर्तन आणलं म्हणून आमची पूजा अशी आपल्या मातीतली वाटते. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर आले ते १८५२ साली, म्हणजे ही मंडळी इथली कितीतरी पिढ्यांची, आणि शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी जी बोर्डिंगं सुरू केली त्यात इंडियन ख्रिश्चन बोर्डिंग पण होतं. एवढं गावात असून कॅरल ऐकायला आपल्यातले किती जण जातात? जावा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चर्चच्या आवारात लाइटिंग असतंय, दारात कुणी अडवत नाही. निघताना काकूंनी मैत्रिणीसाठी करंज्या-चकल्यांचा डबा दिला, आम्ही आमच्याकडनं गूळ, भडंग आणि कांदा-लसूण चटणी बांधली.

२३ डिसेंबर, आंबोलीमार्गे माजोर्डा

कागल, निपाणी, उत्तूर, आजरा. आजऱ्यापर्यंत काचा वर करूनच बसलो एवढी थंडी, आंबोलीत धुकं इतकं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. टपरीवर गरम भजी आणि चहा, सासूबाईंनी शालीतनं हात बाहेर काढला तो फक्त कपासाठी. घाट उतरला आणि अर्ध्या तासात स्वेटर मागच्या सीटवर. सावंतवाडीत चितार आळीत थांबलो, लाकडाची रंगवलेली फळं घेतली (शाळेत स्टिललाइफला उपयोगी पडतात, पोरांच्या हातनं फुटत नाहीत).

जाणाऱ्यांसाठी : पहाटे निघत असाल तर आंबोलीत हेडलाइट लो बीमवर ठेवा, धुक्यात हाय बीम टाकला की समोर नुसती पांढरी भिंत. बांद्याच्या पुढं हायवे चांगला आहे आणि झुआरीवरच्या नव्या पुलामुळं पणजी ते वेर्णा पटकन होतंय. वेर्ण्याहून समुद्राकडं खाली उतरायचं. गावातनं फिरायला स्कूटर घेणार असाल तर काळी पाटी आणि पिवळे आकडे असलेलीच घ्या, भाड्यानं द्यायचं लायसन्स तिलाच असतंय, पांढऱ्या पाटीवाली घेतली की पोलीस धरतात.

दुपारी पोचलो. घर कौलारू, पुढं व्हरांडा, अंगणात माड, आणि व्हरांड्याच्या मधोमध टांगलेला केवढा मोठा तारा. इथं त्याला नखेत्र म्हणतात. बांबूच्या कामट्यांचे पाच टोकांचे दोन सांगाडे करायचे, ते एकमेकांना टोकांशी बांधायचे, मध्ये छोट्या काड्यांचा टेकू देऊन फुगवायचे आणि वरनं पतंगाचा कागद चिकटवायचा, आत बल्ब. आंटींचा (काकूंची मैत्रीण, तिला आम्ही आंटीच म्हणायचो) भाचा दरवर्षी स्वतः करतो. बाजारात प्लॅस्टिकचे, एलईडीचे तारे ढिगानं आहेत आणि बऱ्याच घरांवर तेच होते, पण कागदातनं येणारा उजेड वेगळाच, कडांना गडद आणि मध्ये फिकट, ते प्लॅस्टिकमध्ये कधीच येत नाही. मी पोराला तिथंच उभं करून दाखवलं.

संध्याकाळी चालत निघालो. पहिला गोठा लागला तो एका चॅपेलसमोर, गवताचं छप्पर, जांभा दगडाची भिंत, चिखलाचे डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याला खरीखुरी हिरवीगार शेतं. दोन आठवडे आधी ताटात माती घालून नाचणी पेरतात, ती बोटभर उगवली की उचलून गोठ्यात मांडतात. सासूबाई बघतच राहिल्या, "अगं हे तर आपल्या नवरात्रातल्या घटासारखं उगवून आलंय." मेंढपाळ, मेंढरं, गाय, गाढव, येशूचे आई-वडील मारिया आणि जोसेफ सगळे जागेवर, आणि मधली गवताची गव्हाण रिकामी. पोरगं म्हणालं बाळ चोरीला गेलं काय. तिथली एक मुलगी हसून म्हणाली, बाळ २४ च्या रात्री ठेवायचं, जन्म झाल्यावर. आणि बाळाला बघायला आलेले तीन राजे लांब कोपऱ्यात उंटांबरोबर उभे असतात, ते काही घरांतनं रोज थोडे थोडे पुढं सरकवतात आणि ६ जानेवारीला गोठ्यात पोचवतात. म्हणजे देखावा रोज बदलतोय! आमच्या मंडळात असलं काही कधी सुचलं नव्हतं.

रात्री साडेनऊला अंगणात गिटार वाजली. कॅरलवाले. दोन व्हायोलिन, एक गिटार, ढोल आणि वीसेक जण, आजोबापासून सात वर्षांच्या पोरीपर्यंत. कोकणी गाणी, चार आवाजांत. म्हणजे खालचा आवाज वेगळी ओळ गातोय, वरचा वेगळी, आणि सगळं मिळून एक होतंय. काल कोल्हापुरात सगळे एका सुरात, ढोलकीवर, आज हे असं. मला दोन्ही आवडलं आणि दोन्हीत गाणारे लोक तेच, दुकान चालवणारे, शाळेत शिकवणारे, रापणीला (किनाऱ्यावरनं मोठं जाळं ओढून मासे धरायला) जाणारे. गाऊन झाल्यावर एकानं डबा पुढं केला, त्यातले पैसे वाड्यातल्या अडचणीतल्या घरांना जातात. आम्ही पण टाकले. "देव बरें करूं," असं म्हणून पुढच्या घरी.

व्हायोलिन वाजवणारे आजोबा मागं थांबले चहाला. कुठनं आलात, कोल्हापूर म्हटल्यावर म्हणाले पिक्चरवाले गाव. मग माजोर्ड्याची गोष्ट निघाली. अँथनी गोन्साल्विस ह्याच गावचे, १९२७ चा जन्म, मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे आणि प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन ह्यांनी त्यांच्याकडं व्हायोलिन शिकून घेतलं. १९७७ च्या अमर अकबर अँथनीतल्या गाण्यातलं नाव ते हेच, प्यारेलालजींनी गुरूची आठवण म्हणून ठेवलेलं. नवऱ्याला ते गाणं तोंडपाठ, पण त्यामागं खरा माणूस आहे आणि आपण त्याच्या गावात बसलोय हे त्याला आत्ता कळलं. आजोबा म्हणाले चर्चच्या शाळेत पोरांना आधी सोल्फा (डो-रे-मी, म्हणजे तिकडचं सारेगम) यायचा आणि मग बाराखडी, म्हणून गोव्यातनं एवढे वाजवणारे मुंबईला गेले.

२४ डिसेंबर, होडीचा गोठा आणि मध्यरात्रीची प्रार्थना

सकाळी सहालाच सायकलचा भोंगा. पोदेर, म्हणजे पाववाला. टोपलीत गरम पोई, उंडे, काकणं, सगळे इथले पाव. पोर्तुगीज जेसुइट पाद्र्यांनी ह्या भागातल्या लोकांना पाव शिकवला आणि यीस्ट नव्हतं म्हणून माडाची सूर (ताडी) घालून पीठ फुगवायचे असं आंटी सांगत होत्या. पोईबरोबर आम्ही काय खाल्लं तर आमचीच कांदा-लसूण चटणी आणि लोणी. आंटींनी पण खाल्ली, डोळ्यात पाणी आलं, तरी परत घेतली.

दिवसभर आम्ही एकाच ठिकाणी होतो आणि ती ह्या सगळ्या ट्रिपची सगळ्यात भारी गोष्ट. समुद्राकडं जाणाऱ्या रस्त्यावर मच्छीमारांच्या वाड्यातल्या पोरांनी जुनी लाकडी होडी एका कुशीवर आडवी करून तिचाच गोठा केला होता. होडीचं पोट म्हणजे गोठ्याची गुहा. वर आभाळ म्हणून रापणीचं जाळं ताणलेलं, मोठंच्या मोठं, दोन माडांपासून दोन खांबांपर्यंत, आणि जाळ्याच्या गाठीगाठीला बारके बल्ब. मेंढपाळांच्या जागी कोळी, खांद्यावर वल्हं, टोपलीत मातीचे बांगडे. तीन राजे होडीतनं येणार. सगळ्या मूर्ती त्यांनी स्वतः केलेल्या, आत गवत आणि बांबू, वरनं चिखल आणि काथ्या, तडा गेला की परत लिंपायचं. चेहरे ओबडधोबड पण मारियाचं मान खाली घालून बघणं इतकं खरं होतं की मी त्या पोराला विचारलं, कुठं शिकलास? म्हणाला आजी अशी बसते जाळं शिवायला.

नवरा तोपर्यंत जमिनीवर मांडी घालून बसला होता. विहिरीवर पाणी काढणारी बाई हलायला पाहिजे होती पण झटके मारत होती. पोरांनी जुन्या गाडीची वायपर मोटर लावली होती, आपल्याकडं हलत्या देखाव्याला लावतात तीच. ह्यानं दांड्याची लांबी बदलून दिली, क्रँकचं भोक आत घेतलं, बाई झकास हलायला लागली. पोरं खूश. ओढ्यासाठी माशांच्या टाकीचा छोटा पंप बसवलेला, तेच तेच पाणी फिरत राहतंय. आमच्या पोरानं मातीच्या माशांना रंग दिले आणि संध्याकाळपर्यंत त्याला तिथनं हलवता येईना, "आई, नाद खुळा हाय हे," एवढंच चाललेलं.

पुढं रस्त्याला लागूनच एक लई मोठा, लई महागाचा गोठा होता, थर्मोकोल, फ्लेक्सचं बॅकग्राउंड, रेडिमेड पुतळे, लेझर लाइट. गर्दी तिथंच जास्त. मला स्पष्ट सांगायचंय, कला म्हणून त्यात काही नव्हतं. पैसा दिसत होता, हात दिसत नव्हता. हेच आपल्याकडं गणपतीत होत चाललंय आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ज्या पोरांना हातानं करता येतंय त्यांना कुणी थांबून बघितलंच नाही तर ती पुढच्या वर्षी फ्लेक्सच छापून आणणार.

गोठ्याची सुरुवात आंटींनी सांगितली ती पण उघड्यावरचीच आहे. इटलीत ग्रेचो नावाच्या गावात १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकरांनी डोंगरात खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून गावातल्या साध्या लोकांसाठी जन्माचा देखावा उभा केला. आठशे वर्षं झाली त्याला.

रात्री प्रार्थना चर्चच्या बाहेरच्या मैदानात. खुर्च्या मांडलेल्या, स्टेजवर गोठा, मागं कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा. सुरू व्हायच्या आधी अर्धा तास नुसती कॅरल. कोकणी प्रार्थना निम्मी-अर्धी समजत होती. जन्माचा क्षण आला तशी घंटा वाजली, बाळाची मूर्ती आणून गव्हाणीत ठेवली आणि सगळं मैदान उभं राहून गायला लागलं. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले, रामनवमीला दुपारी बाराला जोडतात तसेच.

टिपा : मध्यरात्रीची म्हणतात पण बऱ्याच ठिकाणी दहा-साडेदहालाच सुरू होते, वेळ दुपारीच विचारून ठेवा. कपडे अंग झाकणारे. शेवटी प्रसादासारखी पांढरी चकती देतात ती फक्त कॅथलिक लोक घेतात, आपण जागेवरच शांत बसायचं, कुणाला वाईट वाटत नाही. दंव पडतंय, केस ओले होतात, लहान पोरांना टोपी न्या. प्रार्थना चालू असताना मोबाईल वर धरून शूटिंग करू नका, फोटो नंतर गोठ्याजवळ आरामात मिळतात, फ्लॅश बंद ठेवा म्हणजे आतल्या बल्बचा उजेड फोटोत येतोय.

२५ डिसेंबर, ताटं आणि किनारा

सकाळी घराघरांतनं क्रोशाच्या रुमालानं झाकलेली ताटं निघाली. कुस्वाड म्हणतात, नाताळचा फराळ. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बेबिंका, हरभऱ्याच्या डाळीची दोस. हिंदू शेजाऱ्यांकडं पण ताट जातंय आणि चतुर्थीला तिकडनं येतंय. ज्या घरात वर्षात कुणी गेलंय तिथं गोड करत नाहीत, शेजारी नेऊन देतात. आंटींनी अशा दोन घरांची ताटं आधी भरली आणि मग बाकीची.

स्वयंपाकघरात सासूबाई आणि आंटींची गुळावर चर्चा. दोदोलला माडाचा काळा गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, तासन् तास ढवळायचं. सासूबाई म्हणाल्या आमच्या गुळाचा करून बघा, आंटी म्हणाल्या रंग येणार नाही. दोघी ऐकेनात. शेवटी आमच्या गुळाची ढेप आंटींनी ठेवून घेतली आणि नेवऱ्यांच्या सारणात तीळ-काजू किती ते सासूबाईंनी वहीत लिहून घेतलं. बेबिंकाचा एकेक थर वरनं निखारे ठेवून भाजतात, म्हणून सकाळी केला आणि दुपारी खाल्ला असं होत नाही. दुपारी शाकुती (मसालेदार रस्सा) आणि सान्नां (इडलीसारखी). उकाडा भयंकर, पंख्याखाली पडून राहिलो.

पाच वाजता स्कूटर काढल्या. बेताळभाटी, कोलवा, बाणावली, जिथं तारे जास्त दिसतील तिकडं वळायचं एवढाच प्लॅन. कोलव्याच्या किनाऱ्यावर पोरांनी ओल्या वाळूचा गोठा केला होता, भरती यायच्या आधी बघून घ्यायचा. एका वाड्यात नुसत्या नारळाच्या वस्तूंचा, करवंट्यांची घरं, चुडताचं छप्पर, पिशवीची मेंढरं (माडाची पिशवी म्हणजे झावळीच्या बुडाला येते ती जाळी, लोकरीसारखी दिसते). एका ठिकाणी टेम्पोवर सांताक्लॉज आणि मागं गाणारी पोरं, रस्त्यात थांबून वडाप रिक्षावाल्यांना पण चॉकलेटं वाटत होती. आणि ठिकठिकाणी पोरांनी जुन्या पँट-शर्टात गवत भरून म्हातारा बसवलेला, वर्गणी मागत होती, तो ३१ ला रात्री बाराला जाळतात.

बाणावलीला संत जुझे वाझ ह्यांचा जन्म झाला, १६५१ साली. तिथल्या चॅपेलजवळ रात्री गाणं चाललं होतं, त्यात आम्हाला पण धरून नेलं. म्हणाले तुमच्याकडचं गावा. सासूबाईंनी बाळा जो जो रे धरला, पाळणा. व्हायोलिनवाल्या पोरीनं दुसऱ्या ओळीला सूर पकडला.

२६ डिसेंबर, राशोल

मडगावपासून जवळच राशोल, जुनं रायतूर. इथली सेमिनरी (पाद्री होण्याचं शिक्षण देणारी संस्था) बाहेरनं बघितली, पण आम्ही गेलो ते एका कारणासाठी. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले, त्यांनी येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहिली, सुमारे ११ हजार ओव्या, आणि ते क्रिस्तपुराण १६१६ साली इथं छापलं. आंटींच्या ओळखीचे एक रिटायर्ड मास्तर तिथं भेटले, त्यांनी जन्माच्या भागातल्या काही ओव्या म्हणून दाखवल्या, देवनागरी पुस्तकातनं, पोथीच्याच चालीत. सासूबाईंनी ज्ञानेश्वरीची पारायणं केलेली, त्यांना जवळजवळ सगळं समजलं. "माझ्यापेक्षा चांगलं मराठी हाय की ह्या साहेबाचं," म्हणाल्या, आणि मास्तरांना म्हणाल्या अजून वाचा. तासभर वाचत होते. मी तोपर्यंत होडीच्या गोठ्यातली मारिया आठवून वहीत काढली.

२७ डिसेंबर, परत

येताना सकाळी होडीच्या गोठ्यापाशी थांबलो, पोरं आधीच जमलेली. नवऱ्यानं जाळं ताणायच्या गाठी शिकून घेतल्या, येत्या गणपतीला मंडळाच्या छताला हाच प्रकार करायचा विचार आहे, आणि त्या पोरांना सप्टेंबरात कोल्हापूरला यायचं आवताण दिलं. मातीचे दोन बांगडे आमच्या पोरानं मागून घेतले.

ज्यांना जायचंय त्यांना : खोल्या नाताळच्या आठवड्यात किनाऱ्यालगत महाग, थोडं आत गावात घरगुती सोय बघा, तिथं कॅरलवाले दारात येतात, हॉटेलात येत नाहीत. २५ ला सकाळी गावातली बरीच दुकानं बंद, दूध-औषधं आदल्या दिवशी घ्या. गोठे बघायला सात ते दहा चांगली वेळ. पण पोरं काम करत असताना बघायचं असेल तर २३ किंवा २४ ला दुपारी जावा, आणि विचारा, मनापासून सांगतात. सुट्टी नसेल तर घाई नको, बहुतेक गोठे ६ जानेवारीपर्यंत असतात आणि त्या दिवशी माजोर्ड्याच्या वरच्या अंगाला कासावली-कुवेलीला तीन राजांचं फेस्त (चर्चचा उत्सव) असतंय, तीन गावांतली तीन मुलं राजे होऊन घोड्यावरनं डोंगरावरच्या चॅपेलला जातात. ३१ ची गर्दी ओसरलेली असते, खोल्या पण स्वस्त मिळतात.